पनामा कालव्यातून क्रूझने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पनामा कालव्यातून मी दोनदा गेले. पहिल्यांदा सासूबाई-सासऱ्यांना घेऊन कॅरिबियन समुद्रातून थेट पॅसिफिकपर्यंत, दुसऱ्यांदा मैत्रिणींबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत आणि परत. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे प्रश्न पाठवत असतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

१. पनामा कालवा नेमका आहे कुठे, आणि क्रूझ त्यातून जाते म्हणजे काय होतं?

उत्तर आणि दक्षिण अमेरिका जिथे एका चिंचोळ्या पट्टीने जोडल्या आहेत, तिथे पनामा हा देश आहे. पट्टीच्या एका बाजूला अटलांटिकचा कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक. मधला कालवा सुमारे ८० किलोमीटरचा.

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खडकवासल्याहून निघालेला मुठा कालवा येतो. तसं इथे काही नाही. जहाज आधी पाण्याच्या तीन पायऱ्या चढतं आणि समुद्रापेक्षा सुमारे २६ मीटर उंचीवरच्या गातुन तळ्यात पोचतं. तळं ओलांडून ते डोंगर फोडून काढलेल्या कुलेब्रा खिंडीत शिरतं आणि मग तीन पायऱ्या उतरून दुसऱ्या समुद्रात जातं. हे सगळं आठ ते दहा तासांत होतं. कालवा नव्हता तेव्हा न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या बोटीला दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालावा लागायचा.

२. ‘फुल ट्रान्झिट’ आणि ‘पार्शल ट्रान्झिट’ यांत फरक काय? कोणतं घ्यावं?

फुल ट्रान्झिटमध्ये जहाज एका समुद्रातून शिरून दुसऱ्या समुद्रात निघतं. या सफरी साधारणपणे फ्लोरिडा ते कॅलिफोर्निया किंवा उलट अशा असतात आणि दोन आठवडे किंवा थोड्या जास्त चालतात. पार्शलमध्ये जहाज कॅरिबियनच्या बाजूने तीन पायऱ्या चढून गातुन तळ्यात येतं आणि आलं त्याच वाटेने परत जातं. ही सफर फ्लोरिडात सुरू होऊन तिथेच संपते, म्हणून विमानाची तिकिटं सोपी पडतात.

तिसराही मार्ग आहे. पनामा सिटीत चार दिवस राहा आणि स्थानिक पर्यटक बोटीने कालव्याचा अर्धा टप्पा करा. बजेट बेताचं असेल तर हा मार्ग उत्तम.

माझं मत विचाराल तर पंधरा दिवस काढता येत असतील तर फुलच घ्या. पार्शलमध्ये चढण दिसते, पण कुलेब्रा खिंड राहून जाते. आणि खिंड पाहिल्याशिवाय माणसांनी इथे काय केलं ते कळत नाही (प्रश्न १५ पाहा).

३. एवढं मोठं जहाज वर चढतं कसं? पंप लावतात का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. पंप लावत नाहीत. जहाज उचलायला एकही पंप नाही.

लॉक म्हणजे, आपल्या शाळेच्या भाषेत जलपाश म्हणजे, काँक्रीटचा एक प्रचंड हौद, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला. जहाज खालच्या हौदात शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो. मग वरच्या पातळीचं पाणी भिंतींत आणि तळाखाली बांधलेल्या बोगद्यांतून आपल्या वजनानेच हौदात उतरतं. आठ-दहा मिनिटांत हौद भरतो आणि त्याबरोबर जहाज वर येतं. पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो. उतरताना हेच उलट.

जुने दरवाजे सुमारे दोन मीटर जाडीचे आहेत. मिटल्यावर त्यांची दोन पानं वरच्या पाण्याच्या दिशेने टोक काढून एकमेकांना टेकतात, म्हणून पाण्याचा दाबच त्यांना घट्ट मिटवून ठेवतो.

हे पाणी येतं चाग्रेस नदीचं, म्हणजे पावसाचं. नदीला गातुन इथे धरण घालून तळं केलं आहे. एक जहाज पार होताना जुन्या लॉकमधून सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. डेकवर उभं राहून भिंत हळूहळू खाली जाताना पाहिली आणि मनात आलं, हा गेल्या पावसाळ्याचा पाऊस आपल्याला उचलतोय. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्या दोन तासांत ते जेवायलासुद्धा खाली उतरले नाहीत.

४. दोन्ही समुद्रांची पातळी सारखीच असते ना? मग चढायचं-उतरायचं कशाला?

पातळी जवळपास सारखीच आहे. मध्ये डोंगर आहे म्हणून चढायचं. सुएझ कालवा खणणारे फ्रेंच फर्डिनांड द लेसेप्स यांना इथेही सुएझसारखा सपाट, समुद्रपातळीचा कालवा हवा होता. १८८१ मध्ये काम सुरू झालं. पण वाळवंट वेगळं आणि मुसळधार पावसाचं जंगल वेगळं. खणलेल्या कडा ढासळत राहिल्या, रोगांनी माणसं मरत राहिली, आणि १८८९ मध्ये कंपनी बुडाली. १९०४ मध्ये अमेरिकेने काम हाती घेतलं आणि १९०६ मध्ये डोंगर समुद्रापर्यंत खाली आणण्याऐवजी पाणी वर नेऊन जहाजालाच चढवायचं ठरलं.

भरती-ओहोटीचा फरक मात्र मोठा आहे. कॅरिबियनच्या बाजूला पाणी जेमतेम अर्धा मीटर हलतं, पॅसिफिकच्या बाजूला पाच-सहा मीटर. पॅसिफिककडच्या मिराफ्लोरेस लॉकच्या शेवटच्या पायरीची उंची त्यामुळे भरतीनुसार बदलते.

५. जुनी लॉक आणि नवी लॉक असं ऐकलं. आमचं जहाज कुठून जाईल?

जहाजाच्या रुंदीवर ठरतं. जुन्या, १९१४ च्या लॉकचे हौद ३३.५ मीटर रुंद आणि ३०५ मीटर लांब आहेत. त्यांत साधारण ३२.३ मीटर रुंदीपर्यंतची जहाजं जातात, म्हणजे दोन्ही बाजूंना उरतो जेमतेम दोन फूट. नवी लॉक, कॅरिबियनकडची आग्वा क्लारा आणि पॅसिफिककडची कोकोली, २६ जून २०१६ रोजी सुरू झाली. त्यांचे हौद ५५ मीटर रुंद आहेत, आणि बाजूच्या टाक्यांमुळे त्यांत ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं.

बुकिंग करताना जहाजाची रुंदी विचारा. शक्य असेल तर जुन्या लॉकमधून जाणारं, म्हणजे तुलनेने लहान जहाज निवडा. तिथे भिंत हाताच्या अंतरावरून सरकते. दोन्ही काठांवर रुळांवरून विजेची इंजिनं जहाजाला तारांनी धरून चालतात. त्यांना ‘म्यूल’ म्हणजे खेचरं म्हणतात. ती जहाज ओढत नाहीत, जहाज स्वतःच्या इंजिनावर चालतं. ती फक्त त्याला मधोमध ठेवतात आणि थांबवतात. पहिली दोरी घ्यायला दोन माणसं वल्ह्यांची छोटी होडी घेऊन आमच्या बारा मजली जहाजाजवळ आली, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. नव्या लॉकमध्ये खेचरं नाहीत, टगबोटी असतात.

एक अपवाद: जगातली सर्वांत मोठी क्रूझ जहाजं रुंदीने नव्या लॉकमध्ये मावतील, पण पॅसिफिकच्या तोंडावर १९६२ चा ‘ब्रिज ऑफ द अमेरिकाज’ आहे आणि त्याखालून त्यांची उंची बसत नाही.

६. कोणत्या महिन्यात जावं?

क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. पनामात कोरडा काळ डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. जानेवारी-फेब्रुवारीत आकाश स्वच्छ असतं, भाडंही चढं. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जहाजं अलास्काला जायला-यायला कालवा ओलांडतात. त्या सफरी लांब असतात आणि दिवसाच्या हिशेबाने बऱ्याचदा स्वस्त पडतात. पावसाची भीती बाळगू नका. कोकणात वाढलेल्या माणसाला तो पाऊस ओळखीचाच वाटतो.

७. केबिन कोणत्या बाजूची घ्यावी? बाल्कनी हवीच का?

कालव्यापुरतं बोलायचं तर बाजूने फरक पडत नाही, दोन्हीकडे बघण्यासारखं आहे. बाल्कनी असली तर आनंद, नसली तरी काही अडत नाही. त्या दिवशी बहुतेक जहाजं पुढच्या टोकाचा एरवी बंद असलेला डेक उघडतात. पहिल्या लॉकला तिथे उभे राहा, दुसऱ्याला जहाजाच्या मागच्या टोकाला जा आणि मागे बंद होणारे दरवाजे पाहा. तिसऱ्याला अगदी खालच्या उघड्या डेकवर या: काँक्रीटची ओली, शेवाळलेली भिंत तिथून सगळ्यात जवळ दिसते.

८. कालव्याच्या दिवसाचं वेळापत्रक कसं असतं?

कॅरिबियनकडून येत असाल तर पहाटे पाचच्या सुमाराला कालव्याचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा जाणकार, जहाजावर चढतो. इतर बंदरांत पायलट कप्तानाला सल्ला देतो, इथे मात्र जहाजाचा ताबाच त्याच्याकडे जातो. सात-साडेसातपर्यंत गातुनची पहिली पायरी लागते. तिन्ही पायऱ्यांना दोन तासांच्या आसपास. मग दुपारपर्यंत तळं. जेवण तेव्हाच उरकून घ्या. त्यानंतर कुलेब्रा खिंड, पेद्रो मिगेलची एक पायरी, मिराफ्लोरेसच्या दोन, आणि संध्याकाळी ब्रिज ऑफ द अमेरिकाज. मिराफ्लोरेसला गॅलरीत उभे असलेले लोक हात हलवतात. आपणही हलवायचा.

टोपी, पाण्याची बाटली आणि सुती कपडे आदल्या रात्रीच काढून ठेवा. ऊन आणि दमट हवा दोन्ही मुंबईच्या मे महिन्यासारखी.

९. कालव्यात मध्ये उतरता येतं का?

फुल ट्रान्झिटमध्ये सहसा नाही. पार्शलमध्ये गातुन तळ्यात छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. सहल घेतलेले लोक दिवसभर फिरून कॅरिबियनकडच्या कोलोन बंदरात जहाजाला परत मिळतात. ही सहल जहाजाच्या कंपनीकडूनच घ्यावी लागते.

१०. भारतीय पासपोर्टवर कोणते व्हिसा लागतात?

सफर अमेरिकेत सुरू होणार किंवा संपणार असेल तर अमेरिकेचा व्हिसा, आणि परत तिथेच उतरायचं असेल तर तो मल्टिपल एंट्रीचा हवा. पनामाला भारतीयांना व्हिसा लागतो, मात्र अमेरिकेचा वापरलेला मल्टिपल एंट्री व्हिसा असलेल्यांना अटींवर सूट मिळते. कोलंबिया, कोस्टा रिका, मेक्सिको अशा वाटेतल्या प्रत्येक देशाचे नियम वेगळे आणि बदलते आहेत. वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा आणि जहाजाच्या कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या.

‘आम्ही जहाजावरून उतरणारच नाही’ हे उत्तर चालत नाही. कागद अपुरे असतील तर कंपनी पहिल्याच बंदरात चढू देत नाही.

११. मुलाकडे अमेरिकेत आलेल्या आई-बाबांना नेता येईल का? आणि माझा एच-वन-बीचा, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाचा, स्टॅम्प संपलाय, मी जाऊ शकतो का?

आई-बाबांचा विचार आधी. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आणि परतीच्या तारखेनंतरही चालू असेल तर नेता येईल. परत येताना अमेरिकेत नव्याने प्रवेश होतो आणि तो देणं अधिकाऱ्याच्या हातात असतं. भारतात परतायची तिकिटं जवळ ठेवा.

तुमच्या बाबतीत, नका जाऊ. संपलेल्या स्टॅम्पवर तीस दिवसांच्या आत परत येण्याची सवलत कॅनडा-मेक्सिकोच्या प्रवासापुरती आहे. पनामा आणि कोलंबिया त्यात बसत नाहीत. नवा स्टॅम्प घेतल्यावरच बुकिंग करा. एका ओळखीच्या कुटुंबाला हे जहाजाचे पैसे भरून झाल्यावर कळलं.

१२. यलो फीवरची लस घ्यावी लागते का?

भारतात परत येणाऱ्यांनी हे उत्तर दोनदा वाचावं. पीतज्वर होणाऱ्या देशांच्या भारताच्या यादीत पनामा आणि कोलंबिया दोन्ही आहेत. अशा देशातून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. मुंबईत तशी केंद्रं आहेत. गर्दी असते, म्हणून दीड-दोन महिने आधी नंबर लावा.

साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण या वयात लसीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. लस टाळायची ठरली तर मार्गाचा हिशेब करा. फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाला जाणारं जहाज पनामा सोडल्यावर आठवडाभर तरी चालतं, त्यामुळे सहा दिवस आपोआप उलटतात. पार्शलमध्ये तसं होत नाही. तिथे उतरल्यावर काही दिवस अमेरिकेत मुक्काम ठेवा.

हा रोग कालव्याच्या इतिहासातही ठाण मांडून बसला आहे. फ्रेंचांच्या काळात डास रोग पसरवतात हे ठाऊकच नव्हतं; दवाखान्यात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवायचे आणि त्याच पाण्यात डास वाढायचे. मलेरिया डासांमुळे होतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत शोधून काढलं. पीतज्वराचा डास क्यूबात सिद्ध झाला. त्या ज्ञानावर डॉ. विल्यम गॉर्गस यांनी पनामात डबकी बुजवली, तेल शिंपडलं, घरांना जाळ्या लावल्या. पीतज्वर गेला, आणि मगच कालवा झाला.

१३. शाकाहारी जेवण मिळतं का? केटल नेऊ का?

मोठ्या जहाजांवर शाकाहारी जेवणाची अडचण येत नाही. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटा. भाकरवडी, चिवडा, लाडू बंद पाकिटातले न्या आणि ते जहाजावरच संपवा. ताजी फळं आणि घरी शिजवलेलं बंदरात उतरवू नका.

केटल, इमर्शन रॉड, इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने बॅगेतून काढून घेतात. गरम पाणी आणि दूध वर कायम मिळतं, चहाची पूड तेवढी आपली न्या.

१४. बोट लागते का?

कालव्यात मुळीच नाही, ताटातल्या पाण्यासारखं शांत असतं. त्रास होतो तो आधी आणि नंतर. हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये व्यापारी वारे जोरात असतात, आणि मेक्सिकोजवळच्या तेहुआन्तेपेकच्या आखातात जमिनीवरून समुद्राकडे येणारा वारा जहाज चांगलंच हलवतो. बोट लागणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन घ्यावी. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. ज्येष्ठांना गुडघ्यांचा त्रास असेल तरीही हीच केबिन बरी, लिफ्ट जवळ पडते.

१५. कालवा बांधला कोणी? जहाजावर फक्त अमेरिकन इंजिनियरांचीच नावं सांगतात.

बरोबर पाहिलंत, आणि हे खटकायलाच हवं. जॉन स्टीव्हन्स आणि जॉर्ज गोथल्स यांचं काम मोठं आहे. पण सुरुंग लावणारे, दगड उचलणारे हात मुख्यतः कॅरिबियन बेटांवरच्या काळ्या मजुरांचे होते. एकट्या बार्बाडोसमधून सुमारे वीस हजार माणसं आली. पगाराची दोन खाती होती: गोऱ्या अमेरिकनांचं ‘गोल्ड’ आणि यांचं ‘सिल्व्हर’. दुकानं, घरं, शाळा, सगळं वेगळं. अमेरिकन काळात सरकारी नोंदीनुसार ५,६०९ माणसं दगावली, त्यांत बहुसंख्य हीच. फ्रेंच काळातल्या मृत्यूंचा अंदाज वीस हजारांच्या पुढे जातो.

कुलेब्रा खिंडीत शिरताना निवेदन चालू असलं तरी पाच मिनिटं गप्प उभे राहा. दोन्ही बाजूंना पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला डोंगर दिसतो. खणलेलं पुन्हा पुन्हा दरडींखाली गाडलं गेलं आणि त्याच माणसांनी ते पुन्हा उपसलं.

पहिलं जहाज ‘एस. एस. अँकॉन’ अधिकृतपणे पार झालं ते १५ ऑगस्ट १९१४ रोजी. तारीख वाचून सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणजे आपल्याच दिवशी.’ पनामाच्या लोकांना मात्र स्वतःचा कालवा मिळायला ३१ डिसेंबर १९९९ उजाडला.

१६. तळ्याखाली गावं बुडाली आहेत, हे खरं का?

खरं आहे. गातुन तळं भरलं तेव्हा ते माणसाने केलेलं जगातलं सर्वांत मोठं तळं होतं. चाग्रेसच्या खोऱ्यातली गावं उठवली गेली. आज जी बेटं दिसतात ती टेकड्यांची माथी आहेत. त्यांतल्या बार्रो कोलोरादो बेटावर स्मिथसोनियन संस्थेचं संशोधन केंद्र चालतं. आता पाणी कमी पडतं म्हणून रिओ इंदिओ नदीवर नवं धरण बांधायची योजना आहे, आणि तिथले शेतकरी विरोध करत आहेत. कोयनेचं किंवा उजनीचं पाणी पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

१७. दुष्काळ पडला तर सफर रद्द होते का?

२०२३ मध्ये पाऊस फारच कमी झाला. रोज ३६ च्या आसपास जहाजं जायची, ती दोन डझनांच्या घरात आली. तरी आधीपासून जागा राखलेल्या प्रवासी जहाजांची वाट सहसा अडत नाही. मालवाहू जहाजं रांगेत थांबतात. तिकिटाच्या अटींत मार्ग बदलण्याचा हक्क मात्र कंपनीकडे असतो, तो भाग वाचून ठेवा. पाणी कशाला लागतं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

१८. मगरी, माकडं दिसतील का?

काठावर मगर नशीब असेल तर. पेलिकन, फ्रिगेट पक्षी नक्की. माकडं बघायची तर प्रश्न ९ मधली सहल घ्या. दुर्बीण न्या.

१९. पनामाऐवजी सुएझ केलं तर?

सुएझ आपल्याला जवळचा. १८६९ मध्ये तो उघडला आणि मुंबई-लंडन अंतर एकदम कमी झालं. पण तो १९३ किलोमीटर सरळ, सपाट आहे. लॉक नाहीत, दोन्हीकडे वाळू. शिवाय २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक कंपन्यांनी तो मार्ग सोडला. ग्रीसमधला कोरिंथ कालवा सुंदर, पण जेमतेम सहा किलोमीटरचा आणि फक्त लहान जहाजांचा.

२०. आम्ही पॅसिफिकच्या तोंडाशी होतो आणि सूर्य पॅसिफिकवर उगवला! होकायंत्र चुकलं का?

चुकलं नाही. पनामाची पट्टी इथे आडवी, इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली आहे. कालवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो, त्यामुळे अटलांटिकमधून पॅसिफिकला जाताना जहाज पूर्वेकडे सरकतं. पॅसिफिककडचं तोंड कॅरिबियनकडच्या तोंडाच्या पूर्वेला आहे. पनामा सिटीत मुक्काम असेल तर पहाटे आमादोरच्या बांधावर जा. कालवा खणताना निघालेल्या दगडांचाच तो बांध आहे. समोर पॅसिफिकमधून सूर्य वर येत असतो आणि नांगर टाकून थांबलेल्या जहाजांची रांग आपल्या पाळीची वाट बघत असते.